मायच्या आवाजाचं पार्सल

लीड्स, इंग्लंड
११ जानेवारी २००४

ती. बाबांना रीताचा नमस्कार.

गेल्या रविवारी कोलूभाऊच्या दुकानातल्या फोनवर मी मायला बोलावून घेतलं, ते तुम्हाला कळलंच असेल. "आली पाय तुही माय," असं कोलूभाऊ म्हणाला आणि मग नुसता श्वास ऐकू आला. गळ्याच्या भोकातून येणारा श्वास कसा असतो ते मी इथे हॉस्पिटलच्या वॉर्डात कामावर रोज ऐकते. पण तो आपल्या मायचा म्हटल्यावर मी नुसतं माय, माय करत राहिले. मग तिनेच फोनवर बांगडी वाजवली. जेवलीस का? एक टकटक. दुखतं का? दोन, म्हणजे नाही. बाबा त्रास देतात का? तर इतक्या वेळा वाजवली की मागून कोलूभाऊ ओरडला, "काकू, फोन फुटन ना आता!"

मी हसले, आणि फोन ठेवल्यावर खूप रडले. सावली गावच्या बाजारात माय मासोळीची टोपली घेऊन बसली की तिची हाक बसस्टँडवर ऐकू यायची. शाळेतून येताना मला त्या हाकेची लाज वाटायची. आता ती हाक ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं म्हणजे बोलणं संपलं, असं तुम्ही समजून बसला आहात. तसं नाही. लहान टॉर्चएवढं एक यंत्र मिळतं. ते गळ्याला लावून बटण दाबायचं आणि नेहमीसारखं बोलायचं. आवाज गोड येत नाही, बिघडलेल्या रेडिओसारखा घरघरतो, पण शब्द कळतात. आमच्या वॉर्डात एक आजोबा त्यावर नर्सांना शिव्यासुद्धा देतात. नवीन यंत्र आमच्या ऐपतीबाहेरचं आहे. पण इंटरनेटवर जुन्या वस्तू विकायला असतात, तिथे मला एक मिळालं. विकणारी एक म्हातारी बाई आहे. यंत्र तिच्या नवऱ्याचं होतं, तो गेला. मायला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ती बाई पार्सल थेट तुमच्या पत्त्यावर पाठवते आहे. परदेशी पार्सलवर कस्टमची चिठ्ठी चिकटवावी लागते. आत काय आहे, किंमत किती, विकलेला माल आहे की भेट आहे, असं सगळं तिच्यावर लिहायचं असतं. काय लिहू, असं तिने मला विचारलं. मी सांगितलं, भेट लिहा. मुलीकडून आईला.

बाबा, लग्नानंतर तुम्ही आमच्या नागपूरच्या खोलीवर आलात तेव्हा भर उन्हातून येऊनही घरचं पाणी घेतलं नाही. खाली रसवंतीवर जाऊन तहान भागवलीत. तेव्हा मी गप्प बसले. या वेळी गप्प बसणार नाही. पार्सल आलं की सही करा आणि घ्या.

तुमची,
रीता

*

बोडीटोला, ता. सावली
२ फेब्रुवारी २००४

चि. सौ. रीतास अनेक आशीर्वाद. जावई भूपेशरावांना नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या मायला मोठ्याने वाचून दाखवलं. तिचं समाधान झालं नाही म्हणून पुन्हा वाचलं. आमचं इथलं सध्याचं सांगायचं तर मी तलावावर असलो की ती टाळ्या वाजवून मला बोलावते. लोक म्हणतात, उमाजीच्या घरी दिवसभर आरती चालू असते. काल भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी तोंड वेडंवाकडं केलं, तर तिने माझ्या तोंडाची अशी नक्कल केली की शेजारची सुकरी हसून हसून खाली बसली.

मेलेल्या माणसाचं यंत्र आहे हे मी तिला सांगून टाकलं. मला वाटलं, नको म्हणेल. तिने खुंटीवरच्या माझ्या बापाच्या जाळ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे तो मेला तरी त्याच्याच जाळ्यावर पोट भरतोस ना! आवाज गेला तरी वादात तीच जिंकते.

आता दुसरी गोष्ट. लेकीच्या घरी नातवंड खेळत नाही तोवर बापाने तिच्या घरचं पाणीही घेऊ नये, ही रीत काही मी काढली नाही. माझा सासरा तुझ्या जन्मापर्यंत आमच्या ओट्यावर बसून आपल्या गाठोड्यातले पोहे खात असे, आणि तुझी माय आत चुलीपाशी रडत असे. तू जन्मलीस त्या दिवशी तो आमच्याकडे पोटभर जेवला. तुला टोचून बोलायचं म्हणून हे लिहीत नाही. देव देईल तेव्हा देईल. पण रीत ती रीत. यंत्र मी घेईन, मात्र भेट म्हणून नाही. त्याची किंमत कळव, मी देईन.

हे ऐकून तुझी माय जेवणावरून उठली. ताटली अशी आपटली की कोंबड्या पळाल्या. पण राग फार वेळ टिकला नाही. संध्याकाळी जाळ्याचा दोर घेऊन ती यंत्रासाठी पिशवी विणायला बसली. गळ्यात अडकवायची म्हणते. म्हणते म्हणजे काय, हाताने दाखवते.

तुझा,
बाबा

*

लीड्स
१७ फेब्रुवारी २००४

ती. बाबांना नमस्कार.

किंमत कळव म्हणता. पोटच्या पोरीने मायला आवाज पाठवायचा आणि बापाने दुकानदारासारखी किंमत विचारायची? माझ्या घरी नातवंड नाही, हे मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? ते तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. या विषयावर मी आणखी लिहिणार नाही.

कामाचं तेवढं लिहिते, नीट वाचा. पार्सल मुंबईला पोचलं आहे, असं कॉम्प्युटरवर दिसतं. पुढे सरकत नाही, म्हणजे कस्टमवाल्यांनी थांबवलं असणार. यंत्र अनोळखी आहे, ते विचारणारच. तुम्हाला पत्र आलं तर एवढंच लिहा की आजारी बायकोसाठी मुलीने भेट पाठवली आहे. नागपूरच्या डॉक्टरांचा कागद सोबत जोडा. भेट म्हटलं की ते सोडतात. विकत घेतलेला माल म्हटलं की मग परवाने, जकात, कागदांवर कागद. आणि चिठ्ठीवर एक आणि तुमच्या पत्रात दुसरंच असलं तर सगळंच बिघडेल.

मला सध्या विमानाने येता येत नाही. कारण नंतर सांगेन. चिंतेचं नाही.

कोलूभाऊचा फोन चार दिवस लागत नाही. मायला सांगा, मी रोज लावून बघते.

रीता

*

बोडीटोला
२१ फेब्रुवारी २००४

चि. सौ. रीतास आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून आलं नाही. रागावलीस वाटतं. रस्त्याच्या कामात फोनची तार तुटली आहे, त्यामुळे तुझा राग ऐकायचीही सोय नाही. पण एक चांगली बातमी आहे म्हणून वाट न पाहता लिहितो.

मुंबईहून कस्टमच्या ऑफिसचं इंग्रजी पत्र आलं. सावलीच्या पोस्टातल्या श्रावणने ते वाचून अर्थ सांगितला. हे यंत्र कसलं, पाठवणारी बाई तुमची कोण, आणि चिठ्ठीवर भेट लिहिलं आहे ते खरं का, असं त्यांनी विचारलं होतं.

श्रावण म्हणाला, "उमाजीभाऊ, भेट हाय म्हना अन् मोकळे व्हा. लेकीनं धाडलं म्हंजे भेटच झाली ना?"

मी म्हटलं, "लेकीची भेट मी घेत नाई. घेत नाई तं घेतली म्हनून लिहू कसा? सही माही हाय ना बापा."

"काऊन एवढं ताणून राह्यले? तिकडं कोन पायते?"

"कोनी पायत नाई म्हनून तं नीट लिहा लागते," मी म्हटलं.

एवढी वर्षं मच्छीमार संस्थेचा सचिव होतो. सरकारी कागदावर खोटी ओळ कधी लिहिली नाही, ते या वयात काय शिकू? तिथेच पोस्टातल्या बाकावर बसून सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: 'सदर वस्तू भेट नाही. मुलीकडून भेट घेण्याची आमच्यात रीत नाही. पाठवणारी बाई आमची कोणी नाही. मी वस्तूची पूर्ण किंमत देणार आहे. तरी पार्सल सोडावे, ही विनंती.' रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पावती जपून ठेवली.

आता तुझं मन राहिलं आणि माझी रीतही राहिली. तुझ्या मायची पिशवी विणून झाली. रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला ती रस्त्यावर जाऊन उभी राहते. तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो, आणि ती त्यालाच रागावून परत येते. तिला थोडा खोकला आहे, बाकी ठीक.

तुझा,
बाबा

*

लीड्स
६ मार्च २००४

ती. बाबांना नमस्कार.

बाबा, हे काय करून बसलात!

तुमचं पत्र आज मिळालं. चिठ्ठी म्हणते भेट, आणि ज्याच्या नावावर पार्सल आहे तो स्वतःच्या सहीने म्हणतो भेट नाही, पाठवणारी आमची कोणी नाही, पैसे देणार आहे. त्यांनी काय समजायचं? कुणीतरी भेट म्हणून माल आणून विकतो आहे, असंच ना? आपल्या घरची रीत मुंबईच्या माणसांना कशी ठाऊक असणार?

तुमच्यावर ओरडायचं होतं. पण दोष माझाही आहे. एक गोष्ट मी लपवली. मला सातवा महिना आहे. याआधी दोन वेळा दिवस राहून मूल गेलं, ते तुम्हाला कळवलं नव्हतं. म्हणून या वेळी ठरवलं होतं की मूल हातात आल्याशिवाय कुणालाच सांगायचं नाही. नोव्हेंबरात मायच्या ऑपरेशनला आले नाही ते याचसाठी. डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटलं होतं. रजा मिळत नाही हे मी तुम्हाला खोटंच सांगितलं.

बाबा, नातवंड येतंय. तुमची रीत मे महिन्यात फिटेल. दोन महिने आधी मोडली तर देव काही म्हणणार नाही. हे पत्र मिळताच मुंबईला लिहा की ती भेटच आहे. जमलं तर स्वतः जा. आणि मायला ही बातमी तुम्ही सांगा. मला माझ्या तोंडाने सांगायची होती, पण राहू दे. बाळ झालं की ती माझ्याशी बोलेल तेव्हा सगळं भरून निघेल.

रीता

*

बोडीटोला
३० मार्च २००४

चि. सौ. रीतास अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचता वाचता मी मध्येच थांबून तीच ओळ मनात पुन्हा वाचू लागलो. तुझ्या मायने कागद हिसकावला आणि उलटासुलटा करून पाहिला. तिला कुठे वाचता येतं! मग मी सांगितलं. ती तशीच पदर खोचून बाहेर पडली. दारोदार गेली. पोटासमोर हात गोल धरून दाखवायची, मग आभाळाकडे बोट, म्हणजे विमानाच्या देशातली माझी पोर. ज्याला कळलं नाही त्याला पुन्हा दाखवायची. एक शब्द न बोलता तिने गावभर बातमी सांगितली. रीता, तू पाहायला हवी होतीस.

आधीची दोन गेली ते तुम्ही दोघांनीच सोसलं, हे मला लागलं. आणि ते माहीत नसताना मी तुला रीत ऐकवत बसलो होतो.

मुंबईला जाऊन आलो. आपल्या संस्थेचे हरिदासभाऊ सोबत होते. बल्लारशाहून गाडी धरली. ते ऑफिस केवढं मोठं आहे म्हणून सांगू, आपल्या गावातली सगळी घरं त्यात मावतील. एका बाईसाहेबांपुढे आम्हाला उभं केलं. माणूस चांगली होती. मी सगळं सांगितलं. सासऱ्याचे पोहेही सांगितले. तिने चहा मागवला. तो मी प्यायलो, ती काही माझी लेक नव्हती.

ती म्हणाली, "काका, भेट आहे की नाही ते देणाऱ्याने सांगायचं असतं. तुम्ही कशाला सांगितलंत?"

मी म्हटलं, "तुमी इचारलं म्हनून सांगितलं, बाई."

मग तिने रजिस्टर काढून दाखवलं. चिठ्ठी आणि माझा जबाब जुळत नाही म्हणून पार्सल आठ दिवसांपूर्वी पाठवणारीकडे परत गेलं होतं. चिठ्ठी दुरुस्त करून तिनेच पुन्हा पाठवायला हवं. मी म्हटलं, परत बोलवा. पण समुद्रापार निघालेली वस्तू कोण बोलावणार? बाईसाहेब जिन्यापर्यंत सोडायला आल्या, आणि जिना मला दिसेनासा झाला.

घरी आलो तर तुझी माय ओट्यावर उभी होती. माझे रिकामे हात पाहिले आणि आत गेली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती बरी आहे. खोकला आहे थोडा. तू स्वतःला जप, वजन उचलू नको.

तुझा,
बाबा

*

बोडीटोला
२४ एप्रिल २००४

चि. सौ. रीतास आशीर्वाद. येथे सर्व ठीक. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. बाळंतपण होईपर्यंत फोन करू नको, दुकानात आवाज नीट येत नाही. मनाला त्रास करून घेऊ नको. जावईबापूंना नमस्कार.

बाबा

*

लीड्स
२६ मे २००४

ती. बाबा आणि माय, दोघांना नमस्कार.

मुलगी झाली! नऊ तारखेला. भूपेशने कोलूभाऊकडे निरोप ठेवला होता, तो मिळालाच असेल. नाक तुमचं, बाबा, बिचारीचं नशीब. आवाज मात्र मायचा. रडली की खालच्या मजल्यावरचे लोक छताला काठी ठोकतात. मला तर तो आवाज ऐकत बसावंसं वाटतं.

आणि ऐका. पार्सल परत आलं! ती म्हातारी बाई स्वतः बस बदलत, मी बाळंतीण असताना हॉस्पिटलात आली. खोक्यावर मुंबईचे शिक्केच शिक्के. तिने यंत्रात नव्या बॅटऱ्या घालून आणल्या होत्या. म्हणाली, नवऱ्याच्या शेवटच्या वर्षात त्यांचं जेवढं भांडण झालं ते सगळं या यंत्रातून झालं. तुझ्या आईलाही भांडू दे. मी ते माझ्या गळ्याला लावून "माय, जेवलीस का?" म्हणून बघितलं, तर भूपेश दचकला आणि बाळ टकामका बघत राहिलं.

या वेळी पोस्टाने पाठवत नाही. पोरीला घेऊन जुलैत येते आहे, यंत्र माझ्या पर्समध्ये. विमानतळावर कुणी विचारलं तर मी सांगेन काय आहे ते, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. मायला शिकवायला दोन दिवस पुरतील. भूपेशने पैज लावली आहे की पहिला शब्द "रीता" असेल. मी म्हणते, ती पहिल्यांदा तुम्हालाच चार शब्द सुनावेल.

बाबा, एक विचारायचं आहे. गेल्या पंधरवड्यात तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा कोलूभाऊ म्हणाला, माय शेतावर गेली. आपण शेत कधी घेतलं?

पोरीचं नाव मायने ठेवायचं आहे. तिला म्हणावं, विचार करून ठेव.

रीता

*

बोडीटोला
१० जून २००४

चि. सौ. रीतास आशीर्वाद. नातीला आजोबाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचताना भूपेशराव जवळ असू देत. ते नसतील तर आत्ता इथेच थांब आणि ते आल्यावर पुढे वाच.

आपण शेत घेतलं नाही. तुझी माय एकोणीस एप्रिलला गेली. सकाळी, घरीच. वैनगंगेवर नेली. मिथुनने अग्नी दिला, माझा पुतण्या म्हणून मीच त्याला पुढे केलं.

तिचं दुखणं फेब्रुवारीतच परत आलं होतं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि मी तुला खोकला म्हणून लिहिलं. तुला खरं कळवतो म्हटलं की ती माझ्या तोंडावर हात ठेवायची. तुला दिवस आहेत हे कळल्यावर तर ती मला लिहायला बसूच देईना, पेन लपवून ठेवायची. गेल्यावरही मी कळवलं नाही. आधीची दोन गेलेली, या बाळाला काही होऊ नये, एवढंच डोक्यात होतं. कोलूला खोटं बोलायला मीच सांगितलं. सगळ्या गावाला सांगितलं. कस्टमच्या कागदावर एक ओळ वाकडी लिहायला जो माणूस तयार नव्हता, त्याने दीड महिना अख्ख्या गावाकडून खोटं बोलवून घेतलं. तुला माफ करता आलं तर कर. नाही आलं तरी जुलैत ये.

तुझ्या मुलीचा जन्म झाला, तेव्हा तुझ्या घरचं आता मला सगळं चालतं. पण मन कशावरच जात नाही. ते यंत्र इकडे आणू नको. तुमच्या वॉर्डात एखाद्या गरजू माणसाला दे. नातीचं नाव तूच ठेव.

आता एक राहिलं. तू येशील तेव्हा विचारशीलच, आणि तोंडासमोर मला सांगवणार नाही, म्हणून लिहितो.

शेवटचे आठ दिवस ती रोज संध्याकाळी मला जवळ बसवायची आणि बोलायची. आवाज नव्हता, पण ती बोलायची, चांगलं लांबलचक, मध्ये हात हलवत, मध्ये हसत. मी विचारायचो, "पानी पायजे का?" मानेने नाही. "कूस बदलू का?" नाही. "रीताचं काई हाय का?" म्हटलं की जोरात हो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी तिच्या ओठांकडे बघत बसायचो. श्रावणला बोलावलं, सुकरीला बोलावलं. कोणालाच अर्थ लागला नाही. ती थकून डोळे मिटायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायची.

ती तुला काय सांगत होती, मला कळलं नाही, बाई.

तुझा,
बाबा